वरची ओळ

"हितनं न्हाई. वरनं वाच."

एवढं म्हणून अक्का आपलं बोट थेट स्क्रीनवर टेकवायच्या. नुसतं दाखवायच्या नाहीत, टेकवायच्या. ती ओळ दाबून धरली नाही तर पळून जाईल, असा काहीतरी त्यांचा समज असावा. ऑफिसात बाकी सगळ्यांच्या स्क्रीन स्वच्छ असत; अक्कांच्या स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत बोटांचे ठसे. साफसफाईच्या मावशी ओलं फडकं मारताना रोज पुटपुटायच्या, "ह्या बाईला माऊस दिलाय कशाला कुणास ठाऊक."

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लॉग नावाचा प्रकार पाहिला नसेल. काही बिघडलं नाही. एखादा प्रोग्रॅम चालू असतो तेव्हा काय काय घडतंय ते तो स्वतःच ओळीओळीनं लिहीत जातो, त्याला लॉग म्हणतात. प्रत्येक ओळीत वेळ, एक नंबर आणि काय घडलं ते दोन-तीन शब्दांत. नवी ओळ खाली येते, जुन्या वर सरकतात. मला तर पानभर लॉग वाचला की जांभई यायची. अक्का मात्र त्याच्यासमोर अशा बसायच्या, की गल्लीतलं भांडण बघायला दारात उभ्या राहिलेल्या बायका आठवाव्यात.

आमचं ऑफिस उद्यमनगरात, एका लेथ मशीनच्या कारखान्याच्या माडीवर. खालून दिवसभर लोखंड कातल्याचा आवाज, त्यामुळे वर सगळेच ओरडून बोलायचे. कोल्हापूरकराला त्यासाठी लेथ मशीन लागतं असं नाही म्हणा. आम्ही विहिरीवरच्या मोटारींसाठी एक पेटी बनवायचो. तिच्यात सिमकार्ड असायचं. लाईट आली, लाईट गेली, मोटार चालू, मोटार बंद, विहिरीतलं पाणी संपलं, जे होईल ते पेटी आमच्या कॉम्प्युटरला कळवायची. अडचण आली की शेतकऱ्यांनी पेटीवर छापलेल्या नंबरावर फोन करायचा. फोन मी उचलायचो, लॉग अक्का वाचायच्या. म्हणजे शिव्या माझ्या वाट्याला आणि खरं काय घडलं ते त्यांच्या.

मोटार कुणी चालू केली हे मात्र पेटीला कळत नसे. कुणी हाताने बटण दाबो, नाहीतर ती आपोआप सुरू होवो, ओळ एकच यायची: मोटार चालू. आपोआप म्हणजे असं, की पेटीवर आटोचं एक बटण होतं. ते लावून ठेवलं की लाईट आल्याबरोबर मोटार आपली आपण सुरू व्हायची. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात थंडीत उठून विहिरीवर जाणार कोण? म्हणून लोकांना आमच्या पेटीतलं सगळ्यात आवडायचं ते हे आटो.

अक्कांचं खरं नाव ऑफिसात कुणी घेत नसे आणि मीही इथे घेणार नाही. हातकणंगल्याजवळच्या एका जैन शेतकरी घरातल्या त्या थोरल्या. धाकटी बहीण अक्का म्हणायची, तेच कोल्हापूरपर्यंत आलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. त्याबद्दल कुणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "बंद पडलं. दुरुस्ती न्हाई." पुढे विचारायची कुणाची टाप नव्हती. बोलणं सगळं आमच्याकडच्या बायकांचं असतं तसं, 'मी आलो, मी गेलतो' असं पुरुषी. पुण्याहून आलेला एक पाहुणा त्यांच्याकडे बघून दोनदा चष्मा पुसत होता.

एकदा गडमुडशिंगीहून एक शेतकरी फोनवर आग पाखडत होता. त्याची मोटार रोज मध्येच बंद पडायची. "पेटी हाय का खोकं?" हे त्यातलं चारचौघांत सांगता येण्यासारखं. मी फोनवर हात ठेवून अक्कांना सांगितलं, 'मोटार बंद' अशी ओळ दिसतेय, म्हणजे पेटीच खराब असणार.

"हितनं न्हाई. वरनं वाच. वर काय हाय?"

वर काही नव्हतं. लाईट आली, मोटार चालू, मग एकदम मोटार बंद.

"लाईट गेल्याली न्हाई. पाणी संपल्यालं न्हाई. मग मोटार काय रुसून बंद पडली? कुणाचा तरी हात लागतोय. इचार त्याला, हीर एकट्याची हाय का भावाभावांत?"

विहीर भावाभावांत होती. आपली पाळी आली की भाऊ येऊन बटण दाबून जायचा. शेतकरी म्हणाला, "ह्याला तुमच्याकडं काय औषध हाय का?" अक्का म्हणाल्या, "पेटी बदलून मिळंल म्हणावं. भाऊ मिळत न्हाई."

मी त्यांच्याकडून लॉग वाचायला शिकायचा प्रयत्न केला. मला ओळींचा तो ढीग बघूनच धडकी भरायची, म्हणून मी प्रोग्रॅमला सांगायचो, मला फक्त 'बंद' लिहिलेल्या ओळी दाखव. तशी सोय असते. अक्का मागून यायच्या, बघायच्या आणि माझ्या खुर्चीला गुडघ्याने ढोसायच्या. "गाळून वाचू नको रे. च्या गाळायचा असतोय. शेवटची ओळ रडती, पण तिला मारल्यालं असतंय वरच्या ओळीनं."

ज्यांना कधी पाहिलं नाही अशी कितीतरी माणसं त्यांच्या ओळखीची होती. चहा पिता पिता म्हणायच्या, "ह्यो कबनूरचा आज लवकर उठला," किंवा "हिच्या हिरीचं पाणी हटत चाललंय, बोअर मारणार आता ही." एकदा कबनूरचा तो शेतकरी पेटी बदलायला स्वतः ऑफिसात आला. अक्कांनी नंबर बघितला आणि विचारलं, "काय पावणं, मागल्या पंधरवड्यात घरात लगीन हुतं व्हय?" तो बघतच राहिला. पोरीचं लग्न होतं खरं. "भरल्या उन्हाळ्यात चार दिवस मोटार गप पडली हुती. एक तर लगीन, न्हाईतर मयत. तुमच्या अंगावरची कापडं बघून लगीन म्हणालो." तो जाताना त्यांच्यासाठी पिशवीतले लाडू काढून ठेवून गेला. पेटी नेणं विसरला, ते वेगळं.

आता अप्पांबद्दल सांगतो.

अप्पा म्हणजे अक्कांचे वडील. बायको गेल्यावर मळ्यातल्या घरात एकटेच राहायचे. ऊस, थोडं सोयाबीन, भाजीचे दोन वाफे. कानांनी जवळजवळ ठार बहिरे. अक्कांनी त्यांना फोन घेऊन दिला होता. तो वाजला की त्यांना कळायचं नाही, आणि कधी चुकून हातात असताना वाजला तर ते "मी बरा हाय, तू बरी हाईस न्हवं?" असं एका दमात ओरडून, उत्तराची वाट न बघता बंद करायचे. "चला की कोल्हापूरला" हे अक्कांचं पालुपद होतं आणि "तिथं मी काय करू?" हे अप्पांचं.

शेवटी अक्कांनी त्यांच्या विहिरीवर आमची पेटी बसवली. पाण्यासाठी नाही. सकाळी अप्पांनी मोटार चालू केली की इथे ओळ येणार, आणि ओळ आली की अप्पा उठलेत, चालतायत, ठीक आहेत. अक्कांनी आपल्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट करून घेतली होती. तिच्यात अप्पांच्या पेटीची फक्त एवढीच ओळ यायची: मोटार चालू. लाईट कधी आली, कधी गेली, बाकीचं काही नाही.

मी एकदा चिडवलं, "अक्का, हे गाळलेलं चालतं वाटतं?"

"ते लॉग न्हाई रे," त्या म्हणाल्या. "ते अप्पा हाईत."

रोज सकाळी आल्यावर पर्स ठेवायच्या आधी त्या कोपऱ्याकडे नजर जायची. ओळ आलेली असली की मोठ्याने म्हणायच्या, "अप्पा उठले." मग चहा. ओळ यायची असली की चहा तसाच निवत ठेवायच्या आणि आम्हीही उगाच इकडेतिकडे करत राहायचो. हळूहळू सगळ्या ऑफिसालाच ती सवय लागली. मालक जिना चढून आले की "काय चाललंय?" ऐवजी "अप्पा उठले का?" म्हणायचे. अप्पांना आमच्यातल्या बहुतेकांनी बघितलंही नव्हतं.

मी बघितलं. एका रविवारी पेटीतलं सिमकार्ड बदलायचं होतं, म्हणून अक्का मला गाडीवर मागे बसवून घेऊन गेल्या. हो, मला मागे. गाडी त्याच चालवायच्या. अप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. धोतर, बंडी, सुरकुतलेला पण ताठ माणूस.

"या पावणं, बसा की. मोठ्यानं बोला, मला ऐकू येत न्हाई. न्हाई बोलला तरी चालंल." एवढं सांगून त्यांनी शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं. मग विहिरीकडे हात करून विचारलं, "त्यातनं मी हिला दिसतोय म्हणं. खरं हाय?"

"तुम्ही नाही अप्पा, मोटार दिसते," मी ओरडून सांगितलं.

"मग एकच की," अप्पा म्हणाले.

अक्कांना त्या दिवशी त्यांच्याशी भांडायचं होतं. पावसाळा चालू होता, शेतात चिखल आणि तरी रोज सकाळी मोटार चालू झाल्याची ओळ येत होती. अक्का त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "पावसात मोटार कशाला चालू करतासा? ऊस काय पाणी मागालाय व्हय?"

अप्पांनी शेंगेचं टरफल टाकलं. "ऊस न्हाई मागत. तू मागतीस की. चालू करतोय, लगेच बंद करतोय. तुझं काम झालं."

अक्का माझ्याकडे बघून हसल्या, पण डोळे भरले होते ते मला दिसलं आणि मला दिसलं हे त्यांनाही दिसलं. आवाज चढवून त्या म्हणाल्या, "मग निदान आटोवर तरी टाका. चिखलातनं जायाला नको."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "रात्रीची लाईट आली तर रात्री पाणी सुटंल. अंधारात सरीत किती जीव असत्यात. बुडत्यात ते. दिवस उगवल्याबिगर मी पाणी सोडल्यालं न्हाई कधी." रात्रीच्या आठवड्यात लाईट सकाळपर्यंत असायची. तेव्हा अप्पा उजाडायची वाट बघायचे आणि लाईट जायच्या आत मिळेल तेवढं पाणी पाजायचे. घरात हे असंच चालत आलं होतं.

परतताना अक्का वाऱ्यात ओरडून म्हणाल्या, "सगळा जिल्हा आटोवर जाईल. अप्पा जाणार न्हाईत."

आम्हा सगळ्यांनाच ते पटलं होतं. त्या माणसाला ओळखणाऱ्या कुणालाही पटलं असतं.

त्यानंतर वर्षभर सगळं तसंच चाललं. पुढच्या हिवाळ्यात अप्पांचे गुडघे दुखायला लागले. अक्का दर रविवारी जायच्या, तेल चोळून द्यायच्या, डॉक्टरांकडे चला म्हणायच्या. अप्पा ओट्यावर बसून त्यांना गूळ-शेंगा द्यायचे आणि परत पाठवायचे. एका रविवारी कामामुळे अक्कांचं जाणं राहिलं. पण सोमवारी सकाळी ओळ आली होती. मंगळवारीही आली. "अप्पा उठले," अक्का म्हणाल्या आणि चहा घेतला.

त्याच आठवड्यातली ती सकाळ. अक्का आल्या, कोपऱ्यात बघितलं, "अप्पा उठले" म्हणाल्या. त्या दिवशी त्या खुशीत होत्या. बहीण बेळगावहून यायची होती आणि रविवारी दोघी मिळून अप्पांना उचलूनच आणणार होत्या. "गाठोडं बांधल्यागत बांधून आणतोय बघ," असं सांगत त्या कपात बिस्कीट बुडवत होत्या, तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"पेटीवर नंबर हाय म्हणून लावलाय," पलीकडचा माणूस म्हणाला. "हातकणंगल्याच्या हिकडनं मळ्यातनं बोलतोय. म्हाताऱ्याची पोरगी तुमच्यात कामाला हाय न्हवं? तिचा नंबर न्हाई माझ्याकडं."

मी हो म्हणालो.

"अप्पा गेले ओ. मी च्या घेऊन आलतो तर उठंनात. अंग गार पडलंय. पहाटंच गेले असतील. सांगा तिला."

त्यानंतर मी काय बोललो ते मला आठवत नाही. फोन ठेवला. अक्का माझ्याकडेच बघत होत्या. माझं तोंड बघून त्यांचं बिस्कीट कपात पडलं. मी उठून त्यांच्या खुर्चीशी गेलो आणि त्यांना सांगितलं. हे कसं सांगायचं असतं ते मला अजून माहीत नाही.

"न्हाई," अक्का म्हणाल्या. "कायतर चुकतंय त्याचं. मोटार चालू हाय की."

मी त्यांच्यासमोरचा कप बाजूला सरकवला.

"अरे बघ की! आत्ता चालू केलीया त्यांनी. हे बघ." त्यांनी कोपऱ्यातल्या ओळीवर बोट टेकवलं. "बघ की रे!"

खालचं लेथ मशीन कुणीतरी नेमकं तेव्हाच थांबवलं होतं. अक्कांचा आवाज सगळ्या माडीभर झाला. मालक केबिनमधून बाहेर येऊन उभे राहिले. मग अक्कांनी माऊस हातात घेतला. आजपर्यंत जे केलं नव्हतं ते केलं. ती चौकट मोडली आणि अप्पांच्या पेटीचा सगळा लॉग उघडला, न गाळता.

मोटार चालू. तिच्या वरची ओळ: लाईट आली. दोन्हींची वेळ एकच.

त्या वर सरकल्या. आदल्या दिवशी तसंच. त्याच्या आदल्या दिवशीही तसंच. लाईट आली आणि त्याच क्षणी मोटार चालू. आणखी वर, दिवसाची लाईट असलेल्या आधीच्या आठवड्यांत, मात्र या दोन ओळींच्या वेळेत अंतर दिसायला लागलं. लाईट आली, मग बऱ्याच वेळाने मोटार चालू. आणखी वर, मागच्या महिन्यांत, ते अंतर कमी होतं. मला आधी काही कळलं नाही. मग एकदम कळलं. तो अप्पांच्या चालण्याचा वेळ होता. लाईट आली की चपला घालून ते ओट्यावरून उतरायचे आणि बांधाबांधाने विहिरीपर्यंत जायचे. पावसाळ्यात लवकर पोचत होते. थंडी पडल्यावर उशीर व्हायला लागला होता. दिवसाच्या लाईटच्या दर आठवड्याला थोडा जास्त. आणि मग त्या शेवटच्या दिवसांत चालणंच नव्हतं.

अक्कांनी दोन ओळींच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. "किती हळू चालालते बघ," त्या म्हणाल्या. "आन् मी वरचं वाचलंच न्हाई."

आम्ही मालकांच्या गाडीतून गेलो. मळ्यात पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि त्या सगळ्या गर्दीच्या मागे, विहिरीकडून, मोटारीची घरघर चालू होती. कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं.

दुपारी सगळं उरकलं. बेळगावची बहीण वेळेत पोचली. लोक पांगल्यावर शेजारच्या मळ्यातले काका, सकाळी फोन करणारे तेच, अक्कांसमोर येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आटोवर मीच टाकलं," ते म्हणाले. "अप्पांनीच सांगितलं तसं. चालणं व्हईना त्यांचं. भाकरी मी आणून देत हुतो. म्हणलं पोरीला कळवू, तर म्हणाले, नको, काम सोडून पळत येईल. मोटार चालू हाय तवर ती निवांत असती. आत्ता दिवसाची लाईट हाय तवर आटोवर ठेव. रात्रीची सुरू झाली की काढ. तवर मी उठतोय, म्हणाले."

धाकटी बहीण रडायला लागली. अक्का काकांकडे बघत राहिल्या. आता त्यांना राग येईल, या माणसावर त्या आवाज चढवतील, असं मला वाटलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही जेवू घातलंसा त्यास्नी. लई उपकार झाले."

त्यानंतर अक्का आमच्याकडे थोडेच महिने राहिल्या. काम चोख करायच्या, पण स्क्रीनवर बोट ठेवायच्या नाहीत. कुणी लॉग घेऊन आलं तर दुरून बघून सांगायच्या. कोपऱ्यातली चौकट त्यांनी परत केली नाही. सकाळी आल्या की पर्स ठेवायच्या आणि कामाला लागायच्या. मालक एकदा जिना चढून आले, सवयीने तोंड उघडलं आणि तसेच केबिनमध्ये गेले. मग एक दिवस बहिणीजवळ बेळगावला राहायला जाते, असं सांगून त्यांनी नोकरी सोडली. शेत काकांना कसायला दिलं. काकांची विहीर वेगळी, मोटार वेगळी. आता आमच्याकडे लॉग वाचायला एक नवा प्रोग्रॅम घेतलाय. तो बिघाडाच्या ओळी लाल करून दाखवतो, बाकीच्या लपवतो. सगळे त्याच्यावर खूश आहेत. मला त्याच्यासमोर बसलं की अक्कांची फार आठवण येते आणि कुणाला सांगताही येत नाही.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

काकांचं बोलणं झाल्यावरही मोटार चालूच होती. सकाळपासून पाणी एकाच सरीत जाऊन, ती भरून, बांध फोडून वाटेवर आलं होतं. काका बंद करायला उठले. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. पाणी वाया चाललंय नुसतं, मी दारं धरतो."

त्यांनी भिंतीला टेकलेलं खोरं उचललं आणि ओचा खोचून उसात शिरल्या. फुटलेला बांध मातीने बुजवला. एका सरीचं तोंड बंद करायचं, दुसरीचं उघडायचं, पाणी टोकाला पोचलं की पुढची. लहानपणापासून केलेलं काम, हात आपोआप चालत होते. पहिल्या दोन-तीन सऱ्या झाल्या. मग उसातून त्यांचा रडण्याचा आवाज यायला लागला. अक्का काही हळू करत नसत, रडणंही नाही. "अप्पा," म्हणून ओरडायच्या, एक खोरं माती टाकायच्या, परत ओरडायच्या. आम्ही बांधावर उभे होतो. मी आत जायला निघालो तर बहिणीने माझा हात धरला. "जाऊ नका. आज दारं धरू द्या तिला," ती म्हणाली.

ऊन कलायला लागलं. काकांच्या घरातल्या काकू भाकरी घेऊन आल्या आणि बांधावरून हाका मारायला लागल्या, "अक्का, दिवस मावळायच्या आत दोन घास खा गं." अक्का आतून म्हणाल्या, "टोकाच्या सऱ्या ऱ्हायल्यात."

तेवढ्यात लाईट गेली. मोटारीचा आवाज घसरत घसरत बंद झाला. पाटातलं पाणी थोडं पुढे गेलं, पातळ झालं आणि मातीत जिरलं. अक्का खोरं घेऊन बाहेर आल्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले.

"असू दे," काका म्हणाले. "उद्या लाईट आली की हुईल पाजून. आटोवर हायच."

अक्कांनी खोरं बांधावर ठेवलं. विहिरीकडे गेल्या, पेटीचं झाकण उघडलं आणि आटो काढून टाकलं. मग परत येऊन हातपाय धुतले आणि काकूंनी दिलेली भाकरी हातात घेऊन ओट्यावर बसल्या.

ती पेटी अजून विहिरीवर आहे. कुणी काढली नाही आणि तिचं सिमकार्ड बंद करायचं माझ्याच्याने होत नाही. अधूनमधून मी तिचा लॉग उघडतो आणि वरून वाचायला लागतो. लाईट आली. लाईट गेली. लाईट आली. लाईट गेली. मध्ये काही नाही.